डावा खांदा, अर्धा इंच

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता राजवाड्याच्या शिवणघरातली घंटा वाजायची आणि भिंतीतल्या कपाटाएवढ्या लिफ्टमधून वरच्या मजल्यावरचा ट्रे खाली यायचा. ट्रेमध्ये एकच चिठ्ठी. चिठ्ठीवर धाकट्या राणीसाहेबांची एकवीस मापं. अकरा वर्षांत हा नेम चुकला नव्हता. त्या आठवड्यात नवं काही शिवायचं असो वा नसो, मापं येतच, कारण राजघराण्यातल्या माणसाच्या अंगावर ढगळ किंवा तंग काही दिसता कामा नये असा वरचा दंडक होता.

चिठ्ठी घेणारीला सगळे मास्तरीण म्हणत. कापड बेतून कात्री चालवणारा तो मास्तर, मग ही मास्तरीण, इतकं सरळ. पन्नाशीची, काटक, आणि तोंडात सदा दोन टाचण्या. टाचण्या तोंडात असल्या की बोलावं लागत नाही, हा तिचा अनुभव. नोकरीला लागताना तिने इथलं अवाक्षर बाहेर काढणार नाही असं लिहून दिलं होतं आणि ते कसोशीने पाळलं होतं.

गंमत अशी, की बाहेर सांगण्याजोगं तिच्याकडे काही नव्हतंच. जिचे कपडे शिवले तिला तिने कधी जवळून पाहिलं नव्हतं. वर जाऊन कपडे अंगावर घालून बघायचं काम दुसऱ्या बायकांचं. मास्तरिणीपुढे असायचा तो पुतळा. त्याला डोकं नाही, हात नाहीत, जाड कापडाने मढवलेलं नुसतं धड लोखंडी पायावर उभं. चिठ्ठीत माप वाढलं की तिथे कापसाचा थर चढवायचा, घटलं की उसवून काढायचा, आणि मग त्यावर कपडा बसवायचा. राणीसाहेबांचा चेहरा रस्त्यावरच्या कुणाइतकाच तिला ठाऊक होता, पण त्यांची पाठ तिने हजारांत ओळखली असती. कंबर सव्वीस. मानेपासून टाचेपर्यंत छप्पन्न. दोन्ही खांदे एका रेषेत. असे खांदे शिवणाऱ्याला जन्मात एखादवेळी मिळतात.

"नमस्कार राणीसाहेब," इस्त्रीवाले काका रोज आल्या आल्या पुतळ्याला म्हणत. शिवणघरात ही दोघंच. "आज तरी लोकांना तोंड दाखवा. बाहेर सगळ्यांनी डोकं खाल्लंय माझं."

आठ महिने धाकट्या राणीसाहेब कुणाला दिसल्या नव्हत्या. कोणी म्हणे आजारी आहेत, कोणी म्हणे रुसून माहेरी गेल्या, कोणी म्हणे केव्हाच गेल्या आणि घराणं लपवतंय. वर्तमानपत्रं रोज एक नवी पुडी सोडत होती.

महिन्याच्या सुरुवातीला एकाने छापलं की औषधांनी राणीसाहेब फुगल्यात. सोमवारी चिठ्ठी आली, कंबर एकोणतीस. मास्तरिणीने कापूस चढवला. त्याच आठवड्यात लोकांनी पलटी खाल्ली, म्हणायला लागले की हाडांचा सापळा झालाय. पुढच्या सोमवारी कंबर चोवीस.

"सात दिवसांत पाच इंच," काका म्हणाले. "मलाही सांगा की बाई काय खातात त्या."

मास्तरीण हसली. आजारात सूज येते, उतरते. तिने कापूस उसवून काढला.

२

उंचीचं मात्र तिला पटेना.

कुणीतरी जुने फोटो काढून शोध लावला होता की धाकट्या राणीसाहेब मुळात बुटक्याच, टाचा आणि फोटोवाल्यांची करामत, बाकी काही नाही. शहरभर तीच चर्चा. सोमवारी चिठ्ठीत मानेपासून टाचेपर्यंतचं माप होतं त्रेपन्न.

मास्तरिणीने जुनी चिठ्ठी काढली. तेच अक्षर, तीच शाई, आठाला तोच लांबडा शेंडा. तिने आपला टेप पोलादी पट्टीला लावून बघितला. टेप बरोबर होता.

"काका, माणूस तीन इंच कमी होतं का हो?"

"कापड होतं," काका इस्त्री सरकवत म्हणाले. "गरम पाण्यात घातलं की."

दोघं हसली. पण हसून झाल्यावर शिवणघर एकदम शांत झालं, आणि लिफ्टच्या भोकातून वरची पावलं ऐकू आली. ती नेहमीच ऐकू यायची. लांब, संथ, एका अंतराची. त्या सकाळी ती जवळजवळ पडत होती.

चिठ्ठी लिहिणारी बाई नवी असेल, टेप सैल धरत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पुतळ्याचा लोखंडी पाय तीन इंच खाली करून खीळ बसवली. दिवसभर मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एकच बाही तिने दोनदा उलटी लावली.

संध्याकाळी घरी पोचली तर लेक आधीच आलेली. चष्म्याच्या दुकानात काम करायची. तिला सगळे टिटवी म्हणत, कारण सकाळी डोळा उघडल्यापासून जी सुरू व्हायची ती झोपेतसुद्धा दोनचार वाक्यं बोलून घ्यायची. जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या ती एका उडीत खायची, चपला फटाफट वाजवत.

"आई, आज एक आजोबा आले, दुसऱ्याचाच चष्मा घालून, आणि म्हणतात की नजर सुधारली! मी म्हटलं आजोबा, हा तुमच्या बायकोचा चष्मा आहे. तर म्हणतात, म्हणूनच सगळं तिच्यासारखं दिसतंय! आई, ऐकतेस का?"

"ऐकतेय. कान किटले माझे."

टिटवीने खांद्यावरून घसरणारी पिशवी अंगठ्याने वर ओढली. ही तिची सवय. सहा वर्षांची असताना भिंतीवरून पडली, गळपट्टीचं हाड मोडलं, आणि जोडलं ते जरा खाली जोडलं. डावा खांदा अर्धा इंच उतरता राहिला. पिशवी घसरायचीच. तिच्या प्रत्येक झग्यात, प्रत्येक सदऱ्यात मास्तरीण डाव्या खांद्यात अर्ध्या इंचाची गादी घालायची. पुढच्या महिन्यात लेकीला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दुकानात रुजू व्हायचं होतं आणि त्यासाठी मास्तरीण तिला निळा कोट शिवत होती. पोर जाणार याची धास्ती ती बोलून दाखवायची नाही.

३

चूक घडली गुरुवारी, जावेच्या केशकर्तनालयात.

मास्तरिणीची धाकटी जाऊ बायकांचे केस कापायची. तिच्याकडे तीन खुर्च्या, मोठा आरसा आणि अख्ख्या गावाच्या बातम्या. मास्तरीण महिन्यातून एकदा केसांची टोकं कापायला जायची आणि दर वेळी बायका तिला घेरायच्या. त्या दिवशी जरा जास्तच.

"ताई, खरं सांगा," जाऊ कात्री हवेत धरून म्हणाली, "त्या आता नाहीत ना? तुम्ही नुसत्या पुतळ्याला कपडे शिवताय म्हणे."

"लाकडाच्या बाहुलीला," केसांना रंग लावून बसलेली एक बाई म्हणाली. "माझ्या दिराने सांगितलं. अकरा वर्षं बाहुलीला नटवतात म्हणे."

आरशात सगळे चेहरे हसत होते. मास्तरिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षांची तिची टीप न टीप त्या हसण्यात वाहून चालली होती, आणि टाचण्या तोंडात नव्हत्या.

"बाहुलीचा डावा खांदा अर्धा इंच उतरता असतो का?" ती म्हणाली. "मी दर कपड्यात गादी घालते तिथे. हाडामांसाच्या आहेत त्या, तुमच्यामाझ्यासारख्या. आता गप बसा."

सगळ्या खरंच गप बसल्या. मास्तरिणीला क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं की आपण धादांत खोटं बोललो. घाईत एखादा खरा वाटणारा तपशील हवा होता आणि हाताला लागला तो लेकीचा खांदा, कारण तो हाताच्या इतका सवयीचा होता. घरी जाताना तिने स्वतःला समजावलं, खांद्याने कुणाचं काय जातं.

४

सोमवारी नऊ वाजता घंटा वाजली. पहिली अठरा मापं होती तशीच होती. एकोणिसाव्या ओळीत लिहिलं होतं: डावा खांदा, अर्धा इंच खाली.

मास्तरिणीने चिठ्ठी टेबलावर ठेवली, उचलली, परत ठेवली. मग ती शिवणघरात येरझाऱ्या घालू लागली.

"काय झालं, बाई?" काकांनी विचारलं.

"काही नाही."

जावेकडे कुणीतरी राजवाड्यातलं बसलं असेल. आपलं बोलणं वर गेलं असेल आणि आता आपल्याला असं टोचून दाखवताहेत. म्हणजे नोकरी गेलीच. हे पटण्यासारखं होतं, आणि नोकरी जाण्याची भीती तिला चक्क आधारासारखी वाटली. भीतीच घ्यायची तर निदान कळेल अशी घ्यावी.

ती तडक कारभारीणबाईंकडे गेली. राणीसाहेबांच्या दालनाची सगळी व्यवस्था यांच्याकडे. चाव्यांचा जुडगा, पांढरे केस, आणि आवाज असा की कुणी दोनदा विचारू नये.

"मापांबद्दल विचारायचं होतं," मास्तरीण म्हणाली. "कोण घेतं हल्ली?"

कारभारीणबाईंनी आधी दार लोटून घेतलं.

"सोमवारी सकाळी मी दालन उघडते. टेबलावर चिठ्ठी असते. शेजारी टेप असतो. मी चिठ्ठी ट्रेमध्ये ठेवते."

"आणि राणीसाहेब?"

"टेप कोमट असतो," कारभारीणबाई म्हणाल्या. "नुकताच कुणाच्या तरी अंगावरून काढल्यासारखा. म्हणजे मापं घेतलेली असतात. हो की नाही?"

हा प्रश्न त्या मास्तरिणीला विचारत होत्या. उत्तराची वाट बघत होत्या. चाव्या त्यांच्या हातात बारीक वाजत होत्या.

"हो," मास्तरीण म्हणाली आणि खाली आली. तिने पुतळ्याच्या डाव्या खांद्यावरचा थर अर्धा इंच काढून टाकला.

५

त्या संध्याकाळी टिटवीचा कोट अंगावर बघायचा होता. कच्चे टाके घालून तयार होता. टिटवी आरशापुढे उभी राहिली आणि मास्तरिणीने पाठीमागून खांदे नीट केले.

डावीकडे कोट वर उचलला होता. गादी फुगून गळ्याशी सुरकुती आली होती.

"सरळ उभी राहा."

"सरळच आहे."

मास्तरिणीने गादी काढली. कोट बसला, दोन्ही बाजूंनी सारखा. तिने बोटांनी हाड चाचपलं. जिथे जोडाची गाठ असायची तिथे काहीच लागेना.

"दुखतंय का?"

"नाही. बरं झालं ना? आता पिशवी घसरत नाही." एवढं बोलून टिटवी थांबली.

मास्तरीण पुढचं बोलणं ऐकायला थांबली. टिटवीचं बोलणं कधी एवढ्यावर आटपत नसे. दुकानातलं काही नाही, आजोबा नाहीत, चष्मे नाहीत. लेक आरशात स्वतःकडे शांतपणे बघत उभी होती, पाठ ताठ, हनुवटी जराशी वर.

पोर मोठी झाली, दुसऱ्या गावी जायचं टेन्शन असेल, असं म्हणून मास्तरिणीने टाचण्या तोंडात धरल्या. पण एक टाचणी ओठाला लागली.

पुढच्या सोमवारी चिठ्ठीत कंबर, दंड आणि मनगट बदललं. या वेळी त्यांबद्दल कुणी कुठे काही बोललं नव्हतं. मास्तरिणीने कापूस लावला, काढला, टाके घातले. दुपारी ती चहा घेऊन परत आली तर खिडकीशी टिटवी पाठमोरी उभी.

"अगं, तू इथे कशी आलीस?" ती म्हणाली आणि पुढे जाऊन खांद्यावर हात ठेवला.

हाताखाली कापूस होता.

"बाई?" इस्त्रीमागून काका म्हणाले. "कुणाशी बोलताय?"

६

आता तिने मनातल्या मनात वाद घालणं सोडलं आणि महिना भरायची वाट न बघता मंगळवारीच जावेकडे गेली.

"त्या दिवशी मी बोलले ते खोटं होतं," तिने सगळ्या खुर्च्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "खांद्याचं. राणीसाहेबांचे खांदे सरळ आहेत. रागाच्या भरात मी थाप मारली."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"दम दिला वाटतं वरून," केसांना रंग लावून बसणारी ती बाई हळूच म्हणाली.

"नाही हो, मी स्वतःहून सांगतेय."

"ताई, घाबरू नका," जाऊ म्हणाली. तिच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. "आम्हाला कळतं. नोकरी आहे तुमची."

"अगं, तसं नाही! माझ्या टिटवीचा खांदा तसा आहे. म्हणजे होता. मी तिचंच सांगितलं."

हे बोलून ती स्वतःच दचकली. जावेची कात्री थांबली. संध्याकाळपर्यंत ते शहरभर झालं होतं, आणि होताना त्याने वळण घेतलं होतं. राणीसाहेब केव्हाच गेल्या. त्यांच्या जागी कुणातरी शिवणारीची पोर उभी करणार आहेत. तिचा खांदा उतरता आहे, त्यावरूनच ओळखू येईल. फार बोलकी आहे म्हणून आधी कोंडून ठेवून गप बसायला शिकवताहेत.

मास्तरीण मागे घ्यायला गेली होती आणि होतं नव्हतं ते सगळं देऊन आली होती.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याने जाहीर केलं की लोकांच्या शंका दूर करण्यासाठी धाकट्या राणीसाहेब रविवारी दुपारी बारा वाजता बाल्कनीत येऊन दर्शन देतील.

७

रविवारच्या कोटासाठी बुधवारीच चिठ्ठी आली. अवेळी वाजलेल्या घंटेने काकांच्या हातातून पाण्याचा फवारा पडला.

एकवीसच्या एकवीस मापं मास्तरिणीला तोंडपाठ होती. टिटवी झबलं घालत होती तेव्हापासून ती तिची हीच मापं घेत आली होती, दर वाढदिवसाला, दाराच्या चौकटीशी उभं करून. लिफ्टच्या भोकातून वरची पावलं येत होती. फट, फट, फट, मग एक छोटा खंड, मग एकदम दोन पायांचा धप्प आवाज. शेवटच्या तीन पायऱ्या एका उडीत.

ती घरी पळत गेली. टिटवी कामावरून येऊन खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, एकावर एक. मास्तरिणीने तिला उभं केलं आणि टेप लावला. कंबर सव्वीस. मानेपासून टाचेपर्यंत छप्पन्न. दोन्ही खांदे एका रेषेत.

"टिटवे, काहीतरी बोल गं."

"काय बोलू?" लेक सौम्यपणे म्हणाली.

"काहीही. दुकानातलं सांग. आजोबांचं सांग. माझे कान किटव."

लेकीने जरा विचार केला. "आठवत नाही," ती म्हणाली आणि समजूतदारपणे हसली. ते हसू मास्तरिणीने वर्तमानपत्रांत शेकडो वेळा पाहिलं होतं.

माझी पोर चाललीय, हे तिला त्या क्षणी कळलं. दुसऱ्या गावी नव्हे. तिथून कधी ना कधी सुट्टीला येता आलं असतं.

रडायला तिला सवड नव्हती. अंग चिठ्ठीप्रमाणे बदलत असेल, तर कोटाप्रमाणेही बदलेल. कोट तर आपल्या हातात आहे. शिवणघरात परत येऊन तिने नवी चिठ्ठी घडी करून खिशात घातली, अकरा वर्षांच्या जुन्या चिठ्ठ्यांची वही उघडली आणि राणीसाहेबांच्या मूळ मापांवर कापड बेतलं. लांबी पुरी. खांदे सरळ. राणीसाहेबांना राणीसाहेबांचं अंग परत मिळेल, आणि माझ्या पोरीला तिचं. तीन दिवस ती मशीनवरून उठली नाही. काकांनी पुतळ्याकडे बघितलं, कोटाकडे बघितलं.

"बाई, हा हिला बसायचा नाही."

"बसायला नकोच आहे."

आयुष्यात पहिल्यांदा तिने मुद्दाम न बसणारा कपडा शिवला होता, आणि टीप मात्र एकही वाकडी नव्हती.

८

रविवारी राजवाड्यापुढचं मैदान पहाटेच भरलं. मास्तरीण लेकीचा हात घट्ट धरून उभी होती. लेक निळ्या कोटात, ताठ, कुणाचा धक्का लागला तरी न हलणारी. आजूबाजूला लोक दुर्बिणी घेऊन आले होते. सगळ्यांचं एकच चाललं होतं. खांदा बघा, आधी खांदा बघा.

बाराच्या ठोक्याला बाल्कनीची दारं उघडली. कारभारीणबाई बाहेर आल्या, बाजूला झाल्या, आणि मागून मास्तरिणीने शिवलेला कोट बाहेर आला.

डोक्यावर रुंद हॅट होती. चेहरा सावलीत. पण शिवणाऱ्याला चेहरा लागत नाही. कोट जमिनीवर लोळत होता. बाह्यांत हात बुडाले होते. डावीकडे खांद्यापासून कमरेपर्यंत एक मोठी घडी पडली होती, कारण तिथे खाली अर्धा इंच काहीच नव्हतं.

मैदानात एकच कुजबुज झाली.

"कोट तर बघा. दुसऱ्याच कुणाचा घातलाय."

"ही ती नव्हेच."

"अहो, आत कुणी आहे का तरी? नुसता कोट उभा केलाय!"

"नुसता कोट आहे!" कुणीतरी मोठ्याने ओरडलं आणि लोक हसायला लागले. मागून पुढे, पुढून मागे, तेच तीन शब्द मैदानभर फिरले.

बाल्कनीतली व्यक्ती चुळबुळत होती. कठड्याला धरून ती गर्दीत कुणालातरी शोधत होती, चेहऱ्यामागून चेहरा. मग तिने बुडालेल्या बाहीतून हात वर काढला आणि खांद्यावर पिशवी नसताना अंगठ्याने ती वर ओढली.

"टिटवे!" मास्तरीण किंचाळली. त्या गोंगाटात ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही. हॅट तिच्या दिशेने वळली. सावलीत तोंड उघडलेलं दिसलं, मोठं, भराभर हलणारं. पण कोट खचत होता, खाली खाली, आत कुणी वितळत असल्यासारखा. कारभारीणबाईंनी पुढे होऊन दारं ओढून घेतली.

मास्तरिणीने शेजारी बघितलं. तिने धरलेला हात गरम होता आणि अनोळखी होता. त्या हाताची मालकीण दुसरा हात उंचावून, मनगट सावकाश फिरवत, हसणाऱ्या लोकांना अभिवादन करत होती. तिच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

९

सोमवारी घंटा वाजली. मास्तरिणीने ट्रे ओढला.

चिठ्ठीवर एकवीस ओळी होत्या. कंबर, दंड, मनगट, डावा खांदा, सगळी नावं आपापल्या जागी, त्याच ओळखीच्या अक्षरात. नावांपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

तिने लिफ्टच्या भोकाला कान लावला. पाऊल नाही, चाहूल नाही.

"काय आलंय?" काकांनी विचारलं. ते पुतळ्याजवळ उसवणी घेऊन उभे होते, नेहमीप्रमाणे मदतीला. "किती काढायचं?"

"हात लावू नका तिला," मास्तरीण म्हणाली. तिने पुतळ्याला दोन्ही हातांनी कवटाळलं, डावा खांदा चाचपला. अर्ध्या इंचाचा उतार अजून जागेवर होता. लोकांनी नुसत्या बोलण्याने काय काय केलं, ते तिला एकामागून एक आठवलं. कंबर, उंची, खांदा. आणि काल तीन शब्दांत सगळं पुसलं, तेही तिच्याच कोटाने शिकवलेल्या शब्दांत.

तिने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या आणि हातातलं काम तसंच टाकून बाहेर पडली.

जावेकडे तिन्ही खुर्च्या भरल्या होत्या. दारातूनच ऐकू येत होतं.

"कोटात कुणीच नव्हतं, मी स्वतः पाहिलं."

"नव्हतंच मुळी. आठ महिने नव्हतं."

मास्तरीण आत गेली. घामाघूम, पदर सुटलेला. जाऊ पुढे आली. "ताई, बसा. टिटवी कशी आहे?"

घरी खुर्चीत जी ताठ बसली होती, तिच्याबद्दल मास्तरीण काही बोलली नाही. तिने रिकामी खुर्ची नसल्याने भिंतीला पाठ टेकली. अकरा वर्षांचं वचन तिने तोंड उघडण्याआधीच मनातल्या मनात मोडून टाकलं होतं.

"कोण म्हणतं नव्हतं?" ती म्हणाली. "मी पाहिलंय. मी रोज बघते. बुटकी आहे, त्रेपन्न इंच, म्हणून कोट मोठा झाला. चूक माझी आहे. मी चुकीचा शिवला."

आरशातले सगळे चेहरे तिच्याकडे वळले. जावेची कात्री थांबली. मास्तरिणीला कळलं की आता या ऐकताहेत, आणि संध्याकाळपर्यंत शहर ऐकेल, आणि पुढचा सोमवार सात दिवसांवर आहे.

"डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. सहा वर्षांची असताना भिंतीवरून पडली. पिशवी घसरते, अंगठ्याने वर ओढते. शेवटच्या तीन पायऱ्या उडी मारून उतरते, किती ओरडा, ऐकत नाही." थांबून चालणार नव्हतं. "लिहून घ्या हवं तर. सगळ्यांना सांगा. आणि बोलते किती म्हणून सांगू बायांनो, सकाळी डोळा उघडल्यापासून जी सुरू होते. कान किटतात अगदी."